जमादारच्या वाट्याचं बीट

"आगं वैजू, ये की लवकर! पोरीला रगात पडालंय!"

आक्काताईची हाक ऐकली आणि हातातला चहा तिथंच ओट्यावर आदळून मी पळत सुटले. उन्हं कलली होती. पिंजऱ्यांच्या रांगेच्या टोकाला, तिळीच्या पिंजऱ्यापुढं आक्काताई उकिडवी बसली होती, पदराचा बोळा तोंडाशी धरून. आत फरशीवर लालभडक डाग पडलेला. आणि तिळी कोपऱ्यात, आक्काताईच्याच जुन्या लुगड्याचा तुकडा कवटाळून, आमच्याकडं टुकुटुकु बघत होती.

"संपलं बघ आता," आक्काताई म्हणाली. "मी कवाधरनं सांगालोय, त्या मेल्याला आधी हलवा. धास्तीनं पोरीचं आतडं फाटलं."

तो मेला म्हणजे जमादार. शेजारच्या पटांगणात तो आमच्याकडं पाठ करून बसला होता, जसं काही झालंच नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आजऱ्याजवळ जंगलाच्या कडेला जखमी आणि पोरक्या जनावरांना सांभाळायचं एक केंद्र होतं, तिथं मी पीएच.डी.चं काम करत होते. काम काय, तर माकडांची शी गोळा करणं. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या इचलकरंजीत सगळ्या गल्लीनं हसून घेतलंय. आमची आई पाहुण्यांना सांगायची, "वैजू हार्मोनवर संशोधन करते." कुणी खोलात शिरलं की ती चहा टाकायला उठायची.

पण आई खोटं बोलत नव्हती. जीव घाबरला, उपाशी राहिला, एकटा पडला, की अंगात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. माणसाचंही वाढतं, माकडाचंही. त्याचा अंश शीमधून उतरतो. म्हणजे सुई टोचायला नको, रक्त काढायला नको, जनावराला धरायलाही नको. चमच्यानं उचलायचं, बाटलीत भरायचं, थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत पाठवायचं. आकडा आला की कळतं, जीव किती ताणात आहे. पिल्लांच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं, कारण डोकं घडतं ते याच महिन्यांत. ताण उतरलाच नाही तर पिल्लू शिकायचं थांबतं, आणि पुढं ते माकडांत राहण्याच्या लायकीचं उरत नाही.

तिळी हे माकडाचं पिल्लू, आली तेव्हा मुठीएवढी होती. बाजाराच्या गावात तिची आई डीपीवर शॉक लागून मेली, आणि ही त्या मेलेल्या आईला चिकटलेली सापडली. रंगानं काळी, म्हणून तिळी. आक्काताईनं तिला बाटलीनं दूध पाजून जगवलं. आक्काताई आमच्याकडं जनावरांचं खाणंपिणं बघायची. तिची स्वतःची दोन्ही पोरं मुंबईला, नवरा कधीच गेलेला. तिळीला तिनं पोटाला बांधूनच केंद्राची सगळी कामं केली. पण तिळी वाढेना. दूध प्यायची आणि तशीच राहायची. "वजन असंच राहिलं तर ही पावसाळा काढणार नाही," असं आमचे सरनोबत डॉक्टर म्हणायचे. जनावरांचे डॉक्टर ते, गोड बोलायची सवय नव्हती.

आणि जमादार हा घाटातल्या एका हॉटेलमागं साखळीला बांधून ठेवलेला मोठा नर. गिऱ्हाइकांची करमणूक म्हणून ठेवलेला. एका गिऱ्हाइकाचा हात त्यानं फाडला, तेव्हा त्याला आमच्याकडं आणून टाकलं. सुळे बोटाएवढे होते त्याचे. केंद्रात पटांगण एकच, त्यामुळं दिवसाआड पाळी. एक दिवस जमादार बाहेर, एक दिवस म्हाताऱ्या माद्यांची टोळी. माद्या आपल्या लांब, फणसाच्या झाडाखाली बसायच्या, तिळीकडं ढुंकूनही बघायच्या नाहीत. जमादार मात्र आम्ही कुणी तिळीच्या पिंजऱ्याशी गेलो रे गेलो की जाळीवर झेप घ्यायचा, जाळी गदागदा हलवायचा, दात विचकायचा. तिळी किंचाळायची. आक्काताई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

माझ्या आकड्यांनीही तेच सांगितलं होतं. तिळीचा ताण दिवसाआड वाढत होता, आणि वाढत होता तो जमादारच्या दिवशी. भरीत भर म्हणजे आमचा डबा. लाकडी डबा होता, वरचं झाकण बाजूला सरकवलं की आत शेंगदाण्याचा कूट. पिल्लाची अक्कल बघायला मी रोज दुपारी तो तिच्यापुढं ठेवायची. जमादारच्या दिवशी ती झाकणाशी खटपट करायची, कधीकधी सरकवायचीसुद्धा. माद्यांच्या दिवशी लुगड्यात तोंड खुपसून बसायची.

पुण्याच्या आमच्या केतकर बाई, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, हे ऐकून फोनवर इतक्या खूश झाल्या की काय सांगू. "वैजयंती, सुंदर! थोडी भीती डोकं तल्लख करते. हे छापून येण्यासारखं आहे."

सरनोबत डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "छापा. वर पोरीचा फोटो टाका, हार घालून."

आणि त्यांनी ठरवून टाकलं. जमादार चंद्रपूरकडच्या केंद्रात जाणार. वनखात्याचा ट्रक उद्या दुपारी येणार होता. आणि आज संध्याकाळी हे लाल.

डॉक्टर आले. गुडघ्यावर बसले, चष्मा कपाळावर सरकवला, चिमट्यानं त्या डागातलं काहीतरी उचललं आणि उजेडाकडं धरलं. आक्काताई देवाचं नाव घेत होती.

"रक्त कुठलं आलंय," डॉक्टर म्हणाले. "बीट आहे हे."

"बीट?"

"बीट. हा बघा तुकडा, चावलासुद्धा नाही धड. आक्काताई, दुधावरच्या पोरीला बीट चारताय होय?"

"मी कशापायी चारू?" आक्काताई भडकली. "दात तरी हाईत का तिला चावायला? आज बीट फकस्त जमादारला दिलंय."

आम्ही दोघंही तिच्याकडं बघायला लागलो. ती जरा चपापली.

"त्याचं काय हाय," ती पुटपुटली, "उद्या जाणार गडी. किती शिव्या दिल्या त्याला. म्हटलं, जाताना तोंड गोड करून जाऊ दे. बाजारातनं आणलं हुतं, सकाळी टाकलं त्याच्या ताटात."

आणि मग तिघांच्याही नजरा एकदमच जाळीकडं गेल्या. जाळीची भोकं लहान होती. मोठ्या माकडाचा पंजा त्यातून येत नाही. पण तिळीचा हात जाईल, कोपरापर्यंत जाईल.

"म्हणजे हिनं त्याच्या ताटातलं खाल्लं?" मी म्हटलं.

"ताट तर पार तिकडं, हौदापाशी असतंय," आक्काताई म्हणाली. "तिचा हात कसा पुरंल?"

"मग त्यानंच इथवर आणून दिलं असणार," डॉक्टर म्हणाले. आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणायचं विसरून तसेच बसून राहिले.

पण माझं डोकं भलत्याच गोष्टीला अडकलं होतं. मी विचारलं, "आक्काताई, बीट सकाळी दिलंत ना? आज सकाळी?"

"आजच की. काल कुठला बाजार?"

आज सकाळचं खाल्लेलं आज संध्याकाळी खाली पडलं होतं. हे ऐकायला काहीच वाटत नाही, माहीत आहे मला. पण मोठ्या माकडाच्या पोटातून जायला सगळा एक दिवस लागतो. म्हणून आमच्या कामातला साधा नियम असा, की आज पडलेली शी कालची गोष्ट सांगते. आकडा आला की एक दिवस मागं जायचं. सगळे तसंच करतात, आम्हीही तसंच करत होतो. पण ही दुधावरची पोर होती. हिच्या पोटात काही टिकतच नव्हतं. हिची शी त्याच दिवसाची गोष्ट सांगत होती.

आणि पाळी होती दिवसाआड. एक दिवस सरकवला की सगळं उलटं व्हायचं.

मी तिथंच फरशीवर बसले. तिळी त्याला घाबरत नव्हती. तो नसला की घाबरत होती. ज्या दिवशी तो शेजारी असायचा त्या दिवशी तिचा जीव शांत असायचा, म्हणून डबा उघडायचं सुचायचं. भीतीनं कसली तल्लख होतेय! आणि आम्ही तिच्या भल्यासाठी त्यालाच ट्रकात घालून चंद्रपूरला धाडायला निघालो होतो.

केतकर बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे माझा सुंदर निकाल गेला म्हणायचा," त्या म्हणाल्या. मग हसल्या. "गेला तर गेला. पण ऐक. त्या दोघांना एकत्र सोडायचं मनात असेल तर नीट विचार करा. हार्मोन तिच्याबद्दल सांगतंय. त्याच्याबद्दल आपल्याला काहीही माहीत नाही."

हे मात्र खरं होतं. जमादारची शी मी कधी तपासलीच नव्हती, तो माझ्या अभ्यासात नव्हता. नर पिल्लाला जवळ घेतात, तसे चावूनही मारतात. जाळीतून बीट देणं वेगळं आणि जाळी नसताना समोर पिल्लू येणं वेगळं.

आक्काताईला सांगितलं तर ती ऐकायलाच तयार होईना.

"खुळी का काय तू? त्यानं माणसाचा हात फाडलाय! ह्या एवढ्याशा जिवाचं काय करंल? एक चावा बास हाय."

"आक्काताई, तो गेला तर ही नाही जगायची."

"मी हाय की! मी न्हाई का तिला?" तिचा आवाज चिरकला. "दिसरात बघालोय तिला. माझ्याकडं ती शांत न्हाई व्हय?"

आक्काताई असूनही माद्यांच्या दिवशी ताणाचे आकडे वाढतच होते. "तुम्ही तर रोजच असता," मी म्हटलं, आणि त्याचा अर्थ तिला कळला. ती बाटली धुवायला निघून गेली.

सकाळी पाळी माद्यांची होती, तरी डॉक्टरांनी जमादारलाच बाहेर सोडलं. आणि त्या दिवशी आम्ही तिळीकडं गेलोच नाही. डॉक्टरांची जीप हौदाच्या अलीकडं उभी होती, तिच्यात काचा वर करून तिघं बसलो. आक्काताईला मी जवळजवळ ओढूनच आणलं होतं. ती मागच्या सीटवर तोंड फिरवून बसली.

बराच वेळ काही झालं नाही. जमादार इकडंतिकडं हिंडला, आमच्या खोलीच्या दाराकडं बघत राहिला. कुणी येत नाही अशी खात्री झाल्यावर तो सावकाश तिळीच्या जाळीपाशी गेला आणि पाठ टेकून बसला. तिळी कोपऱ्यातून उठली. लुगडं तिथंच टाकलं. जाळीतून दोन्ही हात बाहेर काढून तिनं त्याचे केस धरले, आणि गाल जाळीला लावून डोळे मिटले.

"असं रोज करत असतील?" मी हळूच विचारलं.

"आपण असल्यावर कसं करतील?" डॉक्टर म्हणाले. "आपण तिच्याजवळ गेलो की तो आपल्यावर धावून यायचा. तिच्यावर कधी धावलाच नाही तो."

मी वळून बघितलं. आक्काताई पुढच्या सीटला धरून, काचेतून बघत होती. तिचे डोळे भरले होते, पण ती ते पुसत नव्हती.

"लुगडं टाकलं व्हय तिनं," ती म्हणाली.

ट्रक वेळेच्या आधीच आला. ड्रायव्हर खाली उतरून "कुठाय तुमचा पैलवान?" म्हणत आला, तर डॉक्टरांनी त्याला चहा पाजून झाडाखाली बसवलं. मग आमच्याकडं वळले.

"ऐका. दोनच गोष्टी आहेत. त्याला ट्रकात घालायचं, नाहीतर आत्ता दार उघडायचं. तो गेल्यावर पुन्हा आणता येणार नाही. दार मी उघडायला सांगू शकतो, पण पोरगी आक्काताईंची आहे. त्या नको म्हणाल्या तर नको."

मला वाटलं ती भांडेल. ती फक्त म्हणाली, "पिंजऱ्यात मी जाणार. दुसरं कोन न्हाई."

तिळीच्या पिंजऱ्यातून पटांगणात उघडणारं एक लोखंडी दार होतं, कडी आतल्या बाजूला. आक्काताई आत गेली. डॉक्टर पाण्याची नळी घेऊन जाळीशी उभे राहिले, काही झालं तर फवारा मारायला. मी त्यांच्या मागं. आक्काताईला बघून जमादारनं जाळी हलवली, दात दाखवले. तिळी आक्काताईच्या पोटाला बिलगली.

"त्याच्या डोळ्यांत बघू नका," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यांत बघितलं की त्याला ते आव्हान वाटतं. मान खाली ठेवा."

आक्काताईनं मान खाली घातली आणि कडी काढली. दार ढकललं. मग तिळीला खाली ठेवायला गेली, तर तिळी सुटेना. आक्काताई तिचं एकेक बोट सोडवत होती आणि सोडवलेलं बोट पुन्हा पातळाला धरत होतं.

"जा गं बाई," ती म्हणत होती. "जा. तुझंच माणूस हाय ते. जा की."

कशीबशी तिळी खाली उतरली. चार पावलं गेली, थांबली, मागं आली, पुन्हा गेली. दाराच्या चौकटीत बसली. जमादार उठला. तो चालत आला तेव्हा किती मोठा आहे ते पहिल्यांदाच कळलं, मधे जाळी नव्हती ना. त्यानं हात लांब केला, तिळीचा पाय धरला आणि तिला खस्सकन ओढलं. तिळी किंचाळली.

डॉक्टरांनी नळी उचलली. मी ओरडले, "मारा पाणी!"

"थांबा!" आक्काताई म्हणाली.

मान खालीच होती तिची. कडेच्या नजरेनं जेवढं दिसेल तेवढंच ती बघत होती. जमादारनं तिळीला उलटं केलं. तिचे हात बघितले, कान हुंगले, शेपटी ओढून बघितली. मग ओठ भराभर हलवून चपचप आवाज करायला लागला. रानात माकडं आपल्या माणसाला असाच आवाज करतात. तिळीचं ओरडणं हळूहळू थांबलं. त्यानं तिला पोटाशी ओढलं आणि हात वरून घेतला. तिची फक्त शेपटी बाहेर राहिली.

मला रडू फुटलं. डॉक्टरांनी नळी खाली टाकली आणि नाक शिंकरलं. "सर्दी झालीय," म्हणाले.

आक्काताई उठली. दार आपल्याकडं ओढलं. क्षणभर तिचा हात दारावरच राहिला. मग तिनं आपल्याच हातानं कडी लावली आणि पिंजऱ्यातून बाहेर आली.

ट्रक रिकामाच परत गेला. दुपारी तिळीच्या दुधाची वेळ झाली. आक्काताई बाटली घेऊन पटांगणाच्या जाळीशी गेली. जमादार लगेच उठला, तिळीला एका हातानं पोटाशी धरून जाळीकडं झेपावला. आक्काताई मागं सरकली. पुन्हा गेली, तो पुन्हा झेपावला. दूध गार व्हायला लागलं होतं आणि तिळी त्याच्या पोटाखालून बाटलीकडं बघून कुईकुई करत होती. आता ही उपाशी राहिली तर सगळं केलेलं पाण्यात, असं माझ्या मनात आलं.

मग आक्काताई जाळीला पाठ करून खाली बसली. हात मागं वळवून बाटलीचं रबरी बूच जाळीत घातलं आणि तोंड पार पलीकडं, शेताकडं फिरवलं. अजिबात हलली नाही. मी लांब उभी राहून बघत होते. जमादार तिच्या पाठीकडं बघत राहिला. जाळी त्यानं हलवली नाही. तिळी त्याच्या पोटाखालून निघाली, एक हात त्याच्या केसांत तसाच ठेवून पुढं झाली आणि बूच तोंडात धरलं.

आक्काताईचा हात अवघडला होता, पण मान तिनं वळवली नाही.

"पितीया का गं?" तिनं मला विचारलं.

"पितेय," मी म्हटलं.

"समदं?"

"सगळं, आक्काताई."